किसनतात्यांचे बारा महिने

किसनतात्यांपुढं कोकणात जायचा विषय काढला, की माणसाचं कोकणात जाणं रद्द होत असे. आमच्या गल्लीतली निम्मी कुटुंबं तात्यांना विचारायला गेली म्हणून अजून समुद्र न बघता राहिली आहेत. उरलेली निम्मी जाऊन आली आणि मग तात्यांना कळवलं.

आता असा माणूस घरात बसून मतं देत असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तात्या बसायचे ते कोकणच्या सहली विकणाऱ्या दुकानातच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत उभा जन्म साचे भरण्यात घालवून ते निवृत्त झाले, आणि घरी बसवेना म्हणून भाच्याच्या दुकानात खुर्ची टाकून बसायला लागले. भाचा संजू. त्याचं स्टँडजवळ गाड्यांचं आणि खोल्यांचं बुकिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक काउंटर, तीन खुर्च्या आणि पाठीमागं भिंतभर चिकटवलेला निळाशार समुद्र. त्या समुद्राच्या बरोबर मधोमध, नारळाच्या झाडाखाली म्हणता येईल अशा जागी, तात्या पांढरी टोपी घालून बसलेले असायचे. गिऱ्हाईक आत आलं, की संजूनं तोंड उघडायच्या आत ते विचारायचे, "पावणं, महिना कुठला?"

"मे म्हणतोय. पोरांना सुट्टी असते ना."

"मे मध्ये कशाला मराय जाताय? हितं घरात पंखा हाय न्हवं? तितं घाम निथळून अंगावर मीठ साठतंय. वाळूवर पाय ठिवला की फोड. आनी म्हयन्याच्या शेवटाला वळीव आला, की होड्या वर. मग खोलीत बसून फणस खाणार व्हय चार दिवस?"

"मग ऑक्टोबरात जाऊ का?"

"ऑक्टोबर म्हंजे मे चा धाकटा भाऊ. दिवसभर भाजतोय आनी सांच्याला कडाडतोय."

"डिसेंबर?"

"डिसेंबरात कोकण असतंय कुठं? समदं पुणं आनी मुंबई असत्या तितं."

मार्चात दुपारचा वारा वाईट, नाकातोंडात रेती. एप्रिलात आंबा, पण आंबा खायला कोकणात कशाला जायचं, तो आपल्या पायानं मार्केट यार्डात येतोय. सप्टेंबरात हिरवंगार दिसतं खरं, पण समुद्राचा राग अजून गेलेला नसतो आणि घरोघरी गणपतीला आलेली माणसं. तुम्हाला झोपायला जागा कोण देणार? नोव्हेंबर आणि जानेवारी त्यांच्या हिशेबात काठावर पास. जून, जुलै, ऑगस्ट म्हटलं, की तात्या ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करायचे आणि आवाज खाली आणायचे. "हे तीन म्हयने समुद्र माणसाचा न्हाय." एकदा नवीन लग्न झालेलं एक जोडपं जुलैची चौकशी करायला आलं. तात्यांनी त्यांना चहा पाजला, दोघांची गावं विचारली आणि घरी जाऊन सासू-सासऱ्यांजवळ बसा म्हणून सांगितलं. ती दोघं खरंच गेली. संजू त्या दिवशी जेवला नाही.

पूर्ण मार्कांनी पास होणारा महिना एकच. "फेब्रुवारी," तात्या म्हणायचे, आणि त्यांचा राकट चेहरा मऊ व्हायचा. "फेब्रुवारीत समुद्र गप असतो. होडीतनं खाली बघितलं, की तळ दिसतोय. सकाळी चादर लागत्या, दुपारी सदरा बास. जावा, फेब्रुवारीत डोळे झाकून जावा." पण फेब्रुवारीत पोरांच्या परीक्षा. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. फेब्रुवारी म्हणजे प्रॅक्टिकलचा महिना, रजेचं नाव काढता येत नाही. तेव्हा तात्यांच्या नियमानं गेलं, तर कोल्हापुरातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला समुद्र दिसणं कठीण होतं.

मी त्यांच्या शेजारी राहते. आमच्या दोन दारांत एक कठडा आहे. माझे यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असतात, त्यामुळं गाडी मीच चालवते, आणि या गोष्टीचा तात्यांना फार अचंबा. ते मला मास्तरीण म्हणतात. माणसांनाही ते महिने वाटून द्यायचे. संजूचा सासरा ऑगस्ट. वरच्या मजल्यावरचे वकील एप्रिल. "आणि मी?" मी एकदा विचारलं. तात्यांनी मला नीट निरखलं. "नोव्हेंबर," ते म्हणाले, "बरी हाईस, पर परवडत न्हाईस." आत भाकरी थापत बसलेल्या शालनकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथूनच म्हणाल्या, "आनी ते सोता अधिक महिना. तीन वर्सातनं एकदा कामाला येत्यात."

हे सगळं ज्ञान तात्यांना कुठून मिळायचं, तर फोनवरून. मालवणच्या पुढं किनाऱ्यावर मालतीबाई नावाच्या एक बाई पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतात. सकाळी चहा झाला, की तात्यांचा त्यांना फोन. फोन स्पीकरवर, आवाज पूर्ण मोठा, त्यामुळं रोजचं हवामान आम्हालाही मिळायचं.

"काय म्हणतोय समुद्र?"

"वारो मोठो आसा, तात्यानु. होडये सगळे वर काढल्यानी."

"आभाळ?"

"काळाकुट्ट."

तात्या "हं" म्हणायचे आणि फोन ठेवून आमच्याकडं बघायचे. जणू ते आभाळ त्यांनीच धरून ठेवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी शालनकाकींच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर आली. काकी म्हणाल्या, वय झालं, पाणी उतरतंय पायात. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. एकदा सुरू झालं, की ते बंद होण्याची वाट एकच असते, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण त्या वॉर्डात बसलं, की कुणी सांगावं लागत नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस एका गुरुवारी दिसत नाही, आणि त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

शनिवारी कॉलेज नसायचं, म्हणून शनिवारी मी त्यांना गाडीतून न्यायची. काकी चार तास यंत्राला जोडलेल्या असायच्या आणि तात्या पायाशी स्टुलावर. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण प्यालेलं बाहेर पडत नाही, ते अंगातच साठतं. काकींना दिवसभराचं पाणी म्हणून एक लहान फुलपात्र ठरलेलं. उन्हाळ्यात त्या बर्फाचा बारीक खडा जिभेवर धरून तो विरघळेपर्यंत बोलायच्या नाहीत.

तेव्हापासून तात्यांनी घरात पाणी प्यायचं सोडलं. माठ त्यांनी उचलून संजूच्या दुकानात नेऊन ठेवला. मोरीतला नळ ते इतका बारीक सोडायचे, की बादली भरायला अर्धी सकाळ जायची. तहान लागली, की कठडा ओलांडून आमच्या दारात यायचे. "मास्तरीण, तांब्या." उभ्यानं गटागटा प्यायचे, मिशा कोरड्या पुसायचे आणि मगच परत जायचे. मी या गोष्टीवर कधी बोलले नाही. काकीही बोलल्या नाहीत. पण एकदा वॉर्डात त्या मला हळूच म्हणाल्या, "ह्येंना ताक देत जा की अधनंमधनं. नुस्तं पाणी पिऊन जात्यात."

गेल्या जुलैतली गोष्ट. शनिवार होता. वॉर्डातल्या टीव्हीवर कोकणातल्या पावसाच्या बातम्या चालू होत्या. फेसाळलेला करडा समुद्र, रिकामा किनारा, ताडपत्री टाकलेल्या होड्या. काकी टीव्हीकडं बघत म्हणाल्या, "मला समुद्र दावा की एकदा."

तात्या म्हणाले, "जुलै हाय."

"ठाव हाय मला."

"जुलैत बघण्यासारखं काय नसतंय, शालन. फेब्रुवारीत जाऊ. आपुन जाऊच फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत तुमी जावा," काकी म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशा आवाजात त्या बोलल्या. तात्या स्टुलावरून उठले, बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी नळीतून फिरणारं रक्त बघत बसले. परत आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मास्तरीण, उद्या गाडी काढशील का?"

डॉक्टर तयार नव्हते. मग म्हणाले, की रविवारी जाऊन सोमवारी परत या, मंगळवारची सकाळ चुकता कामा नये, आणि शहाळ्याचं पाणी एक घोटही द्यायचं नाही. तात्यांनी तिथूनच मालतीबाईंना फोन लावला.

"जुलयात?" मालतीबाई म्हणाल्या. "तुमीच सांगतास मां तात्यानु, पावसात कोणी येव नको म्हणान."

"व्हय," तात्या म्हणाले. "खोली ठेवा."

रविवारी सकाळी निघालो. राधानगरीपर्यंत तात्या माझ्या शेजारी ताठ बसून होते. दाजीपूरचं जंगल लागलं तसं त्यांनी सदऱ्याच्या खिशातून लिंबाची फोड काढून नाकाशी धरली. दुसऱ्या खिशातून कॅरीबॅगांची घडी डोकावत होती. फोंडा घाटाचं पहिलं वळण घेतलं आणि ते म्हणाले, "थांबव." मी गाडी बाजूला घेतली. तात्या पावसात उतरले आणि कठड्याला धरून वाकले.

मागच्या सीटवरून काकी शांतपणे म्हणाल्या, "आता खालपातूर असंच चालायचं. तू दमानं चालव."

"बरं नाही का त्यांना?"

"न्हाय, त्येंचं हे असंच असतंय. लगीन झाल्या वर्सी निघालतो आमी, ह्याच घाटातनं. यष्टीत एका पावण्याच्या धोतरावर सकाळचं समदं जेवान उलटून टाकलं. त्यो पावणा लई बोलला. हे खाली उतरले ते उतरलेच. दाजीपूरपातूर चालत माघारी आलो."

"मग परत कधी गेलात?"

"न्हाय की. फौंड्रीत सगळ्यास्नी सांगून निघालते, बायकोला समुद्र दावाय चाललोय म्हणून. आल्यावर लोकं इचारनार, कसा हुता? मग तितं मालवणचा एक माणूस कामाला हुता, त्येला इचारून ह्येनी सांगायचं. पावसाळा लागला, की परत त्येला इचारायचं, आता कसा असंल. त्यो माणूस रिटायर होऊन गेला. मग मालतीबाई घावल्या."

मी आरशातून त्यांच्याकडं बघितलं. "म्हणजे तात्यांनी समुद्र..."

"बघितल्याला न्हाय."

"आणि तुम्ही?"

"हे म्हणायचे म्हयना बराबर न्हाय. मी म्हणायचो, बरं."

तात्या परत येऊन बसले. तोंड पांढरंफटक, टोपीतून पाणी ठिबकत होतं. काकींनी मागून हात पुढं करून त्यांची मान पदरानं पुसली. घाट उतरेपर्यंत आम्ही सात-आठ वेळा तरी थांबलो असू. भिंतभर निळ्या समुद्राखाली बसून अख्ख्या कोल्हापूरला नाही म्हणणारा हा माणूस प्रत्येक वळणावर "एक मिंट" म्हणून उतरायचा आणि मी काही ऐकलेलं नाही अशा थाटात समोरच्या काचेकडं बघत राहायचे.

मालतीबाईंच्या दारात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पन्नाशीच्या, उंच, बोलघेवड्या बाई. त्यांनी तात्यांना हाताला धरून खोलीत नेऊन झोपवलं. "इतकी वर्सां आवाज ऐकतंय, आज माणूस बघलंय," त्या म्हणाल्या, "आणि माणूस असो." असो म्हणजे असा, ओकून गळालेला. मग काकींसाठी शहाळं घेऊन आल्या. काकींनी ते दोन्ही हातांत घेतलं, जड आहे म्हणाल्या, आणि माझ्याकडं दिलं. मला प्यावं लागलं. ते कसं लागलं, मला सांगता येणार नाही.

घराच्या मागं सुरूची झाडं आणि त्यापुढं किनारा. आम्ही काकींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून झाडांपर्यंत नेलं. मी छत्री धरली. समुद्र मातकट, फुगलेला. लाट दिसायच्या आधी तिचा आवाज छातीत ऐकू यायचा. माणूस म्हणून किनाऱ्यावर कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही पाण्याकडं पाठ करून बसलेलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तात्या एवढी वर्षं सांगत होते त्यात काही चूक नव्हती.

काकी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला कुणी मोजून दिल्यालं न्हाय."

मागं चाहूल लागली. तात्या सुरूची झाडं धरत धरत आले होते. ते काकींच्या खुर्चीशेजारी उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा समुद्राकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ओशाळलेपणा होता. आपल्या घरचं कुणीतरी पाहुण्यांसमोर आरडाओरडा करतंय, तसा.

"खवळलाय," ते म्हणाले. "एरवी असा नसतो. फेब्रुवारीत गप असतो."

"असूदे," काकी म्हणाल्या. "मला गप बसल्याला नगोच हुता."

तात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांसमोर असा हात त्यांनी कधी ठेवलेला मी बघितला नव्हता. पाऊस वाढला तसं आम्ही परत फिरलो. गोळी घेऊन तात्या लगेच झोपले. संध्याकाळी काकी आणि मालतीबाई पडवीत बसून बोलत होत्या आणि मी खोलीत रस्त्यांच्या बातम्या बघत होते, कारण पाऊस थांबायचं लक्षण नव्हतं. मधूनमधून दोघींचं हसणं ऐकू यायचं. काकींना इतकं हसताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बातमी आली, की फोंडा घाटात दरड कोसळली आहे आणि रस्ता बंद. गगनबावड्याच्या वाटेवर पुढं रस्त्यावर पाणी. राहिला आंबोली घाट, म्हणजे सावंतवाडीवरून आजऱ्याकडून लांबचा वळसा. निघालो. आंबोलीत धुक्यानं समोरचा दिवा दिसत नव्हता. तात्या खिडकीबाहेर डोकं काढून ओकत होते आणि त्यातच मला सांगत होते, "डाव्या अंगाला खड्डा हाय." आजऱ्याच्या पुढं पोलिसांनी गाड्या अडवल्या. पुलावरून पाणी चाललं होतं. मी उतरून त्यांना सांगितलं, गाडीत पेशंट आहे, सकाळी डायलिसिस आहे. हवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, मी सोडतो. पाणी सोडतंय का बघा."

ती रात्र गाडीत काढली. तिच्याबद्दल फार सांगत नाही. काकींना आडवं होता येत नव्हतं, झोपलं की श्वास अडकायचा. तात्या मागं त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले होते, टेकायला.

मंगळवारी पाणी ओसरलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार उलटली होती. काकींचे ओठ निळे पडले होते. त्यांना उचलून नेलं आणि दार बंद झालं. तात्या बाकावर बसले. घाटातला चिखल त्यांच्या धोतरावर वाळला होता.

"मी म्हयना मोडला," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. दोन तासांनी नर्सनं येऊन सांगितलं, की आता ठीक आहेत.

त्या वेळी काकी वाचल्या. आणि नुसत्या वाचल्या नाहीत, तर बोलायला लागल्या. वॉर्डात, गल्लीत, एकदा रिक्षातून उतरून संजूच्या दुकानात बसल्या तेव्हा गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. "समुद्र जुलैतच बघावा," त्या ठासून सांगायच्या. "बाकीच्या म्हयन्यात नुस्तं पाणी असतंय." तात्या शेजारी बसून टोपी हातात फिरवत राहायचे. एकदाही त्यांनी काकींचं खोडून काढलं नाही.

दिवाळी झाली आणि काकी गेल्या. यंत्रावरच गेल्या, गुरुवारी. शेजारच्या खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या. आता त्यांच्याबद्दलही कुणी विचारणार नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी वारणानगरला दिलेली. रक्षाविसर्जनाच्या दिवशी ती म्हणाली, की आईला समुद्राची एवढी ओढ होती, तर रक्षा समुद्रात सोडूया. नातेवाइकांना ते पटलं. गाड्या कुणाच्या, किती जण जायचं, इथपर्यंत बोलणं गेलं. तात्या भिंतीला टेकून ऐकत होते.

"तिला समुद्र बघायचा हुता," ते म्हणाले. "ऱ्हायचं न्हवतं तितं."

रक्षा पंचगंगेत सोडली.

नंतर तात्या दुकानात जाईनासे झाले. संजूचं बुकिंग वाढलं. तरी महिन्याभरानं तो स्वतःच येऊन उंबऱ्यात बसला. "मामा, चला की. गिऱ्हाईक इचारत्यात." तात्या नाही म्हणाले. कुणी कठड्यापाशी उभं राहून विचारलंच, अमुक महिन्यात गेलो तर चालेल का, तर "जावा की" म्हणायचे. पाणी मात्र आमच्याकडंच येऊन प्यायचे. सवय राहून गेली होती.

परवा मे महिन्यात, पेपर तपासायच्या कामासाठी मी सांगलीला निघाले होते. स्टँडवर मालवणच्या गाडीच्या फलाटावर तात्या दिसले. हातात पिशवी, खिशात लिंबाची फोड, कॅरीबॅगांची घडी. मी जवळ जाऊन बसले.

"कुठं निघालात?"

"मालवणला. मालतीबाईंच्याकडं."

"मे मध्ये? तात्या, घाटात तुम्हाला..."

"व्हतंय की. सवय हाय आता. म्हयन्या-दीड म्हयन्यानं जातोच."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मुलीकडं जातात.

"समुद्र बघायला जाता?"

"समुद्र एकदा बघितला की. बास झाला. लई आवाज करतोय." फलाटावर कुणीतरी कंडक्टरशी भांडत होतं, तिकडं ते बघत राहिले. मग म्हणाले, "त्या सांच्याला मी खोलीत पडलोतो न्हवं, गोळी घिऊन. आमची आनी मालतीबाई पडवीत बोलत बसल्यात्या. मला अर्धवट झोपेत नुस्तं हसणं ऐकू येत हुतं. घरातलं तिचं बोलणं मला समदं पाठ हाय, मास्तरीण. त्या सांच्याचं तेवढं न्हाय. म्हणून जातो. मालतीबाई सांगत्यात, ती काय बोलली ते."

"फोनवर नाही सांगत?"

"फोनवर न्हाय सुचत त्यास्नी. पडवीत बसलं की आठवतंय."

"काय बोलल्या होत्या काकी?"

"पयल्या बारीला म्हणाल्या, काकीला माशाचा वास सोसत न्हवता म्हणं. आता बघ. मी दर आयतवारी बांगडा आणायचो. मालवणच्या माणसागत खायाचं म्हणून. तिनं समदा जन्म रांधून वाढला, कवा नाक मुरडलं न्हाय." तात्या हसले. "दुसऱ्या बारीला सांगितलं, तिला ल्हानपणी सायकल शिकायची हुती. ते बी मला ठाव न्हवतं."

"आणि आता?"

"आता संपलं त्यांच्याजवळचं. एका सांच्याला माणूस बोलून बोलून किती बोलणार? गेल्या बारीपास्नं त्या मनानं सांगाय लागल्यात."

"मनानं म्हणजे?"

"म्हंजे मी एवढा ओकत-बिकत जातो, तर रिकामा कसा धाडायचा, म्हणून. म्हणाल्या, काकी म्हणत हुत्या, आमचे हे लई हुशार." तात्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "शालन असं जन्मात म्हणायची न्हाय."

गाडी फलाटाला लागली. लोक दाराकडं पळाले. तात्या उठले नाहीत.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणणार?" लिंबाची फोड खिशातून काढत तात्या म्हणाले. "म्हटलं, व्हय, तसंच म्हणायची ती. आनी काय म्हणाली?"